मे महिन्यातलं वाचन आणि मराठीत राहून गेलेल्या कादंबऱ्या

मे महिन्यात माझं वाचन सगळ्यात जास्त होतं. शाळा बंद असतात, अर्धं ऑफिस गावाला गेलेलं असतं, सकाळच्या स्लो लोकलला मुलुंडला चढलं तरी बायकांच्या डब्यात चक्क बसायला मिळतं आणि मग मस्जिद येईपर्यंत पुस्तक मांडीवर उघडं. रात्री उकाड्याने झोप लागत नाही, तेव्हा पंख्याखाली आणखी थोडी पानं होतात. आणि मी वाचते ती जवळजवळ सगळी विज्ञानकथाच, मराठी असो की इंग्रजी, नवी असो की फुटपाथवरची पिवळी पडलेली. यंदाचा मे तर फारच भरगच्च गेला, कारण वाचायला ठरवून घेतलेली पुस्तकं होतीच, त्यात गिरगावातून मामांकडून एक मोठा खोका आला आणि त्या खोक्याने माझ्या डोक्यात जे काही सुरू करून दिलंय ते अजून थांबलेलं नाही.

सुरुवात किम स्टॅन्ली रॉबिन्सनच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर'ने झाली. २०२० चं पुस्तक, माझ्याकडे बरेच दिवस पडून होतं, जाडजूड आहे म्हणून लांबणीवर पडत होतं. पहिलंच प्रकरण आपल्याकडे घडतं, उत्तर प्रदेशातल्या एका गावात. उष्णतेची भयंकर लाट आलीय, वीज गेलीय, मदतकार्यासाठी आलेला फ्रँक नावाचा एक अमेरिकन तरुण लोकांना आपल्या दवाखान्यात आसरा देतोय, तिथला जनरेटर बंदूक दाखवून पळवला जातो, आणि शेवटी सगळं गाव तळ्याच्या पाण्यात जाऊन बसतं. पण तळ्याचं पाणीही गरमच. सकाळी त्या तळ्यात जिवंत एकटा फ्रँक. मी हे प्रकरण भर दुपारी, ऑफिसच्या खालच्या मजल्यावर लिफ्ट बंद पडलेली असताना जिन्यात उभी राहून संपवलं कारण अर्ध्यात ठेवताच येईना.

ते प्रकरण इतकं अंगावर येतं त्याला कारण त्यातलं विज्ञान अगदी साधं आहे आणि मुंबईकराला ते रोज कातडीवर कळतं. आपल्याला थंड ठेवतो तो घाम, खरं तर घामाचं वाळणं. हवा कोरडी असेल तर ४० अंशातही घाम वाळतो आणि माणूस तग धरतो, हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, शरीरातली उष्णता आतच राहते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मोजतात त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि ते ३५ अंशांवर काही तास टिकलं तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसला तरी वाचत नाही. प्रत्यक्षात बहुतेकांचं शरीर त्याच्या बरंच आधी हात टेकतं. म्हणजे पेपरात नागपूरचा आकडा मोठा दिसतो आणि आपला ३४ दिसतो म्हणून आपण सुटलो असं नाही. समुद्राकाठच्या माणसाने हे प्रकरण वाचायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

पुढे त्या कादंबरीत भारत सरकार जगाची परवानगी न घेता विमानं पाठवून वातावरणात वर बारीक कण फवारतं, सूर्यप्रकाश थोडा परतवून लावायला. हे वाचताना मला एकदम जयंत नारळीकर आठवले, आपले खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार. त्यांच्या एका गोष्टीत मुंबईत बर्फ पडतं. सकाळी मुलं उठतात आणि बाहेर सगळं पांढरं झालेलं असतं. पृथ्वीवर नवं हिमयुग यायला लागलंय, वसंत चिटणीस नावाच्या शास्त्रज्ञाने ते आधीच सांगितलेलं असतं आणि कोणी ऐकलेलं नसतं, आणि मग शेवटचा उपाय म्हणून रॉकेटं सोडून वातावरणात धातूचे बारीक कण पसरवायचे, ऊब परत आणायची. म्हणजे रॉबिन्सनच्या अगदी उलट दिशेने, पण कल्पना तीच, आभाळातच हात घालायचा! दोन्ही गोष्टींमध्ये काही दशकं आहेत, एकीत गारठा आणि एकीत आग, आणि दोन्हीकडे शास्त्रज्ञाचं दुखणं एकच की आकडेमोड बरोबर असून उपयोग होत नाही, लोकांपर्यंत पोचेपर्यंत उशीर होतो. मी त्या रात्री नारळीकरांची ती गोष्ट काढून परत वाचली. ती वाचून व्हायला फारसा वेळ लागत नाही. रॉबिन्सनला आठवडा लागला होता. हा फरक तेव्हा मी नुसता नोंदवून ठेवला, त्याचं महत्त्व नंतर कळलं.

नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले. तेव्हापासून मे महिन्यात त्यांचं काहीतरी परत वाचायचं असं मी ठरवलंय. त्यांच्या विज्ञानकथांचा जन्म मला नेहमी फार आवडतो. अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी समोरच्या पॅडवर 'कृष्णविवर' लिहायला घेतली, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा ते कुलाब्याला टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, म्हणजे ह्या सुरुवातीच्या गोष्टी त्यांच्या मुंबईच्या दिवसांतल्याच, आणि 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह १९७९ मध्ये मौज प्रकाशनाने काढला तेही गिरगावातून. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात ह्या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली होती. आणीबाणीच्या त्या गाजलेल्या संमेलनात एवढं सगळं पेटलेलं असताना दुर्गाबाईंना विज्ञानकथेबद्दल बोलावंसं वाटलं ही गोष्ट मला थोर वाटते.

नारळीकरांच्या जोडीला ह्या वेळी त्यांच्या गुरूंचं पुस्तक वाचलं. फ्रेड हॉइल, ज्यांच्या हाताखाली नारळीकरांनी केंब्रिजला पीएचडी केली, त्यांची १९५७ ची कादंबरी 'द ब्लॅक क्लाउड'. जुनी पेपरबॅक मला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मिळाली, माटुंग्याला उतरून चालत जायचं, महेश्वरी उद्यानाच्या आसपास ते पुस्तकवाले बसतात. इंजिनीअरिंगच्या गाइडांच्या ढिगाऱ्याखालून तिचा कणा दिसला आणि मी भाव न करता घेतली. एक प्रचंड काळा ढग सूर्याच्या दिशेने येतोय, तो सूर्याला झाकणार, आणि मग हळूहळू लक्षात येतं की ढग विचार करतोय. त्या ढगाला आश्चर्य वाटतं ते हे की ग्रहासारख्या घट्ट, आवळलेल्या जागी बुद्धिमान जीव राहूच कसे शकतात. पण मला सगळ्यात जास्त आवडला तो सुरुवातीचा भाग, फोटोंच्या काचांवरून ढग सापडणं, फळ्यावरची गणितं, तो किती महिन्यांनी पोचणार ह्याचा हिशोब. खगोलशास्त्रज्ञाने लिहिल्याशिवाय तो भाग तसा जमलाच नसता. बायकांची पात्रं मात्र फार पातळ आहेत, त्या काळाच्या मानानेही. वाचताना पानोपानी जाणवत राहतं की नारळीकरांची समजावून सांगायची पद्धत, दोन माणसं समोरासमोर बसून शंका आणि उत्तर असं करत पुढे जातात ती, ह्या घराण्यातली आहे.

आता मामांचा खोका.

आमचे नानामामा गिरगावात एका जुन्या चाळीत राहतात, राहायचे म्हणायला हवं आता, कारण चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि सगळ्यांना खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मामीने भांडी आणि देव्हारा आधी हलवला. मामांच्या माळ्यावर दिवाळी अंक होते, वर्षानुवर्षांचे, सुतळीने बांधलेले, 'नवल' आणि 'धनंजय' सगळ्यात जास्त, मधूनमधून 'किर्लोस्कर', थोडे 'मोहिनी' आणि 'हंस'. मामा म्हणाले, "घेऊन जा गं सगळं. इथे आता कोण वाचणार? आणि रद्दीवाल्याला द्यायला माझा हात होणार नाही." टॅक्सीच्या डिकीत खोका घालून आणला.

मामांना मी विचारलं की तुम्हाला ह्यातल्या कुठल्या विज्ञानकथा आठवतात. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "अगं, दिवाळीत वाचायचो, चाळीत त्यावर गप्पा व्हायच्या, भांडणंसुद्धा व्हायची. पण पुढची दिवाळी येईपर्यंत कशाला लक्षात राहतंय? पुढच्या वेळी दुसरीच गोष्ट असायची ना."

घरी येऊन मी अंक वर्षांप्रमाणे लावले आणि विज्ञानकथा तेवढ्या काढून ओळीने वाचायला घेतल्या. असं सलग वाचायचं हे अंक काढणाऱ्यांच्या मनातही नसणार, पण त्यामुळेच मला एक गोष्ट इतकी ठळक दिसली. ह्या वर्षी यंत्रमानव, पुढच्या वर्षी परग्रहावरचा पाहुणा, त्याच्या पुढच्या वर्षी काळातून मागे गेलेला प्रोफेसर, मग क्लोन, मग कॉम्प्युटर. दर वेळी नवं जग उभं करायचं, पात्रांची ओळख करून द्यायची, कल्पना समजावून सांगायची, शेवटी कलाटणी द्यायची आणि गोष्ट बंद. कित्येक गोष्टींत कल्पना फार सुंदर आहे, अशी की आणखी दोनशे पानं सहज चालली असती, आणि नेमकी जिथे गंमत सुरू होणार तिथेच संपते. लेखक कमी पडलेत म्हणून नव्हे. पुढची गोष्ट यायला वर्ष जाणार आणि वर्षाने वाचकाच्या काही लक्षात नसणार, मग तेच जग पुढे कोण नेईल?

मराठीत विज्ञानकथा भरपूर आहे आणि विज्ञान कादंबरी मोजकी आहे ह्याबद्दल नेहमी बोललं जातं की आपल्याकडे वाचक नाही, लेखकांना विज्ञान येत नाही, वगैरे. मला ते पटत नाही. नारळीकर, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, ह्या लोकांना विज्ञान येत नाही असं कोण म्हणेल? आणि मामांच्या चाळीत वाचक किती होते ते मला मामीने सांगितलंय, एक अंक सगळ्या मजल्यांवर फिरून यायचा आणि परत येताना मुखपृष्ठ सुटलेलं असायचं. माझं म्हणणं असं की कारण छपाईच्या वेळापत्रकात आहे. आपली विज्ञानकथा वर्षातून एकदा छापली जात होती.

ह्याच्याशी अमेरिकेची तुलना करून बघा. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' काढलं, नुसत्या विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं मासिक. त्याच्या मागून आणखी निघाली, जॉन कॅम्पबेलचं 'अस्टाउंडिंग' त्यातलं सगळ्यात गाजलेलं. आयझॅक असिमॉव्हची 'फाउंडेशन' आज आपण तीन कादंबऱ्या म्हणून विकत घेतो, पण त्या जवळजवळ सगळ्या मुळात 'अस्टाउंडिंग'मध्ये १९४२ ते १९५० ह्या काळात आलेल्या सुट्या गोष्टी, नंतर १९५१, ५२ आणि ५३ मध्ये पुस्तकांत बांधलेल्या. आणि ह्यातला माझा आवडता किस्सा असा की असिमॉव्हने पहिली गोष्ट मुद्दाम अडवून संपवली, नायक म्हणतो उपाय मला कळलाय, आणि उपाय काय ते वाचकाला सांगतच नाही! म्हणजे संपादकाला पुढची गोष्ट घ्यावीच लागणार. पहिली मे १९४२ च्या अंकात आली, दुसरी जूनमध्ये. मध्ये एक महिना. वाचक एक महिना जीव मुठीत धरून थांबतो, वर्षभर नाही थांबत.

चीनकडे बघा. 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' २००६ मध्ये चेंगडूच्या विज्ञानकथा मासिकात क्रमशः आली, पुस्तक २००८ मध्ये, इंग्रजी भाषांतर २०१४ आणि २०१५ ला विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार. रशियातल्या स्त्रुगात्स्की बंधूंची 'रोडसाइड पिकनिक' पण तशीच, १९७२ साली लेनिनग्राडच्या 'अवरोरा' मासिकात भागाभागाने आली, पुस्तक व्हायला मात्र संपादकांशी झगडत १९८० उजाडलं. तीन देश, तीन अगदी वेगळ्या राजवटी, पण तिन्हीकडे मासिक होतं.

आणि खरं तर आपली सुरुवातसुद्धा मासिकातूनच झाली. 'केरळकोकीळ' मासिकात ज्यूल व्हर्नचा चंद्रप्रवास विसाव्या शतकाच्या तोंडाशीच मराठीत क्रमशः आला होता. त्या काळच्या वाचकाने महिन्यामहिन्याने चंद्रावर जायची वाट पाहिली असेल. मग १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला आणि ती चाल इतकी रुजली की बारा महिन्यांची मासिकं एकेक करून बंद पडली किंवा क्षीण झाली तरी दिवाळी अंक टिकले. टिकले हे फार चांगलं झालं, ते नसते तर मराठी विज्ञानकथा छापायला जागाच राहिली नसती, आणि त्या बाबतीत 'नवल' आणि 'धनंजय'चे उपकार कधी फिटणार नाहीत. पण एकटा दिवाळी अंक कादंबरी वाढवू शकत नाही. स्पर्धांचंही तेच, स्पर्धेला शब्दमर्यादा असते, परीक्षकांना एका बैठकीत निकाल लावायचा असतो.

अपवाद आहेत आणि ते चांगले दणकट आहेत. जावडेकरांची 'आकांत', भोपाळच्या वायुकांडावरची, लिहिणारा स्वतः केमिकल इंजिनीअर, त्यामुळे कारखान्याच्या आतलं जग वाचताना नाकात वास येतो. लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख ह्यांनी मिळून लिहिलेली 'देवांसि जिवे मारिले'. नारायण धारपांना आपण भयकथेचे म्हणून ओळखतो पण त्यांनी 'नेनचिम', 'गोग्रॅमचा चितार' असलं लिहून ठेवलंय. आणि नारळीकरांची 'वामन परत न आला', जी ह्या महिन्यात मी परत वाचली आणि आजच्या दिवसांत ती हातातून सुटत नाही. जमिनीखालून एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या माहितीवरून वामन नावाचा अतिशय हुशार यंत्रमानव तयार होतो, आणि त्याला हवं असतं एकच, स्वतःसारखे आणखी घडवता यावेत. ठेवा ठेवणारे लोक का संपले ते त्यांनी लिहून ठेवलेलं असतं, पण ते शेवटपर्यंत वाचायला कोणाला धीर नसतो. आज लोकलमध्ये प्रत्येक दुसऱ्या बाईच्या फोनवर एआय आहे, आणि ही कादंबरी १९८० च्या दशकातली.

मोठी गोष्ट काय करू शकते हे मला ह्या महिन्यात 'रोडसाइड पिकनिक'ने सगळ्यात चांगलं दाखवलं, आणि ती काही जाडजूड नाही, दोनशेच्या आसपास पानं. परग्रहावरचे कोणी आले, थांबले, निघून गेले, आपल्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि त्यांच्या मुक्कामाच्या जागी राहिला तो विचित्र, जीवघेणा कचरा. तो चोरून आणून विकणारा रेड शुहार्ट हा नायक. एवढ्यावर एक झकास दिवाळी अंकातली गोष्ट होते. पण स्त्रुगात्स्की थांबत नाहीत. पहिल्या भागात रेड २३ वर्षांचा आहे, पुढे २८, शेवटी ३१. मधल्या वर्षांत त्याला मुलगी झालीय, तिच्या अंगावर लव आहे, सगळे तिला लाडाने माकड म्हणतात, आणि भागागणिक ती माणसांपासून दूर जात राहते, बोलणं बंद होतं, ओळख पुसत जाते. कबरीतून परत आलेला रेडचा बाप घरात जेवणाच्या टेबलाशी बसून राहतो आणि पाहुणे त्याच्यासमोर जेवतात. हे कलाटणीत बसत नाही. ह्याला वर्षं जावी लागतात, गोष्टीच्या आतली वर्षं. ते जेवणाचं प्रकरण मी कुर्ल्यापासून भायखळ्यापर्यंत वाचलं आणि पुढे पुस्तक मिटून नुसती बसले.

सगळंच लांब असावं असं मात्र नाही हां. ह्याच महिन्यात बंगाली लेखिका बेगम रोकेयांची 'सुलतानाज ड्रीम' परत वाचली, १९०५ साली मद्रासच्या मासिकात आलेली, एवढीशी गोष्ट. बायकांचं राज्य, पुरुष मर्दान्यात कोंडलेले, बायकांनी सूर्याची उष्णता साठवायला शिकलंय, ढगातून पाणी खेचून घ्यायला शिकलंय, हवेतून उडत जातात. ती लांबवली असती तर तिची धार गेली असती. ती सणसणीत आहे कारण ती छोटी आहे. ज्या गोष्टीला जेवढी जागा लागते तेवढी तिला मिळावी, एवढंच माझं मागणं आहे.

आणि मराठीत जिला ती मिळायला हवी होती अशी माझ्या मते पहिल्या नंबरची गोष्ट म्हणजे नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. प्रोफेसर गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि एका वेगळ्याच इतिहासात पोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. देश पेशव्यांच्या हाती गेला, आणि मुंबईत मात्र अजून कंपनी सरकार. सरहद्दीच्या स्टेशनावर परवाने तपासतात, व्हीटीला अँग्लो इंडियन आणि पारशी कर्मचारी. पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन इतिहास उघडतात, मग आझाद मैदानावर एका सभेत घुसून भाषण करायला लागतात आणि तिथून परत आपल्या जगात. पुढे त्यांचा मित्र राजेंद्र देशपांडे कॅटॅस्ट्रॉफी थिअरी (लहानशा बदलाने परिस्थिती एकदम कशी पालटते ते सांगणारं गणित) आणि क्वांटम सिद्धांतातली अनिश्चितता लावून त्यांना काय घडलं ते समजावतो. गोष्ट पूर्ण आहे, तिच्यात काही उणं नाही, ती मी किती वेळा वाचली असेल ते सांगता येणार नाही.

पण मला त्या मुंबईत राहायचंय! टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून मी दर थोड्या दिवसांनी जाते, आणि दर वेळी मनात येतं की त्या मुंबईत इथे काय असेल. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला, तीच लायन आज माझी रोजची लायन आहे. कंपनीच्या हातात नुसती मुंबई असती आणि ठाणं पेशव्यांचं असतं, तर ही गाडी कुठपर्यंत आली असती? मुलुंडला राहणारी बाई रोज परवाना दाखवून परक्या मुलखात कामाला गेली असती का? वऱ्हाडचा कापूस मराठ्यांच्या ताब्यात असता तर १८५४ ला ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाली असती, की ती नागपूरला निघाली असती? गिरण्या नसत्या तर लालबाग परळ नसतं, आणि कोकणातून आलेली माझ्या आजोबांची पिढी कुठे गेली असती, कदाचित समुद्रावरच, पेशव्यांच्या आरमारात. त्या मुंबईत मराठी माणूस पाहुणा असता. एका प्रश्नातून दुसरा निघतो, आणि ह्यातला प्रत्येक प्रश्न एका वर्षीच्या दिवाळी अंकाची गोष्ट आहे. नारळीकरांनी ते जग उभं करून ठेवलं, त्यात घरं बांधायला पुढे कोणी गेलं नाही.

म्हणून मला असं वाटतं की कोणीतरी हे ठरवून करावं. एका लेखकाने, किंवा चारपाच जणांनी मिळून, एकच जग घ्यावं आणि दर वर्षी वेगवेगळ्या अंकांत त्यातली एकेक गोष्ट लिहावी, सुटी वाचली तरी कळणारी. एका दिवाळीत चार अंकांत चार गोष्टी आल्या तर वाचक त्या जोडून वाचेल, मला तर त्यासाठी चारही अंक घ्यायला आवडतील. आणि आता वर्षभर थांबायचीही गरज राहिली नाही, मोबाइलवर ऑडिओ मालिका लोक ऐकतात, दर आठवड्याला भाग येतो, घरकाम करता करता ऐकणाऱ्या बायका पुढचा भाग कधी म्हणून मागे लागतात हे मी आमच्याच सोसायटीत बघते. तिथे अजून भुतं आणि खून जोरात आहेत. विज्ञानकथेने तिथे शिरायला काय हरकत आहे.

ह्या महिन्यात नवीन घेतलेल्यांपैकी न वाचलेली दोन राहिलीत. एक लोंढ्यांचं 'दुसरा आइन्स्टाइन', दादरला घेतलं. दुसरं अरुण साधूंचं 'विप्लवा', जे मी फार दिवस शोधत होते, साधूंचं 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' सगळ्यांना माहीत असतं, पण ह्याच माणसाने एक विज्ञान कादंबरी लिहिलीय हे सांगितलं की लोक चकित होतात. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानदाराने माझा नंबर घेऊन ठेवला होता, त्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात फोन केला, "मॅडम, ते साधूंचं आलंय, शनिवारपर्यंत ठेवतो." मी त्याच संध्याकाळी जाऊन आणलं. पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का आहे आणि आत कोणीतरी पेन्सिलने समासात खुणा केल्यात. राजकारणाची इतकी बारीक जाण असलेला पत्रकार भविष्याबद्दल कादंबरीएवढं लांब काय लिहितो ते मला बघायचंय, म्हणून जूनची सुरुवात त्यानेच करणार आहे, पहिल्या पावसात गाड्या उशिराने धावायला लागायच्या आत.